साडूंची गोल पंगत

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू तिच्या जागेवर राहू दिली नाही, आणि याच उद्योगाला ते शेवटपर्यंत ‘व्यवस्था’ म्हणत आले. पसारा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी स्वतः त्यातलाच एक, हवं तर आमच्या घरात विचारा. पण पसारा करणाऱ्याला निदान आपण पसारा करतो आहोत एवढी लाज असते. साडूंचं तसं नव्हतं. ते मोठ्या प्रेमाने, हिशेबाने, घाम गाळून पसारा करत आणि वर आपण काही उपकार केले आहेत अशा नजरेने घरच्या बाईकडे पाहत. मीठ मिठाच्या जागी दिसलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. “मास्तर, हे मीठ इथं का?” असं ते मला विचारत. आता मीठ इथं का, याला काय उत्तर द्यायचं? माझ्या आईने ठेवलं म्हणून, तिच्या सासूने ठेवलं म्हणून. हे उत्तर ऐकून ते अशा काही दयेने हसत, की आमच्या सात पिढ्या अळणी जेवल्या असाव्यात असं मला वाटू लागे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या वाटेवरल्या एका गावात. भाताची चार खाचरं, दोन म्हशी, मागच्या बाजूला प्रशस्त खळं, असा नेटका शेतकरी संसार. पण तो सगळा या बहिणीच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, जिवावर, कारण साडू मॅट्रिक झाल्यापासून मुंबईला. मी महाडला शाळामास्तर, बिऱ्हाड चवदार तळ्याच्या अंगाला. मुंबईची एस. टी. साडूंना महाडला उतरवायची आणि पोलादपूरची दुसरी गाडी मिळेपर्यंत ते आमच्या ओटीवर येऊन बसायचे. वर्षातून दोनदा, गणपतीत आणि मे महिन्यात, हा योग ठरलेला असे. त्यातही मे महिन्यातला योग पाहण्यासारखा. अंगातून घामाच्या धारा लागल्या आहेत, डांबरी रस्ता पायाखाली चिकटतो आहे, आणि साडू खांद्यावर लोकरीचा जाड स्वेटर टाकून स्टँडवरून चालत येताहेत! स्टँडवरचे हमाल एकमेकांना कोपराने ढोसून म्हणत, “आलं रे आलं, काश्मीरचं पाव्हनं आलं.” साडूंना ते ऐकू जाई आणि बरंही वाटे. कारण तो स्वेटर नव्हता, ती त्यांची पदवी होती.

त्याचं असं झालं होतं. साठ सालानंतरचे ते दिवस. गणकयंत्र हा शब्द आम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल नसेल; मुंबईतही तसली यंत्रं बोटांवर मोजण्याइतकीच होती. साडूंच्या कंपनीने त्यातलं एक आणलं आणि त्याच्या खोलीत साडूंची नेमणूक झाली. ते यंत्र, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आमच्या शाळेच्या दोन वर्गांएवढं होतं आणि त्याला उकाडा सोसत नसे. म्हणून त्याच्या खोलीत बारा महिने थंडी पाळलेली, आणि साडू बारा महिने स्वेटरात. “मानसांसाठी पंखा नाय,” ते अभिमानाने सांगत, “पर यंत्राला गारवा पायजेच.” माणसांपेक्षा यंत्राची बडदास्त जास्त, यात त्यांना काही गैर वाटत नसे. मला तर वाटतं, आपण त्या यंत्राच्या सोयरिकीतले आहोत असंच ते समजत होते.

एकदा मी सहज, अगदी बोलायला काही विषय हवा म्हणून विचारलं, “एवढं हुशार यंत्र तुमचं, त्याला अडचण म्हणून काही येते की नाही?” नको ते विचारून बसलो. साडूंनी लगेच परात मागवली. जमिनीवर एक वाटी पालथी घातली, तिच्यावर परात तोलली, ती बोटाने गरगर फिरते का पाहिलं, आणि आदल्या दिवशीच्या सत्यनारायणाच्या उरलेल्या बत्ताशांतले आठ काठाकाठाने ओळीत मांडले. “ही समजा आमच्या यंत्राची तबकडी. ग्रामोफोनच्या प्लेटीवानी, पर हिच्यात गाणं नाय, कंपनीचा सगळा हिशेब भरलेला हाय. हिच्या अशा फाका पाडलेल्या असतात, एकेका फाकेत थोडी थोडी माहिती. वरनं एक दांडी येते, तिच्या टोकाला डोकं. ते डोकं म्हंजे तुमी.” माझं डोकं इतक्या चटकन आजवर कुणी मान्य केलं नव्हतं, म्हणून मी खूश होऊन पुढे सरकलो. “तुमी हात हलवायचा नाय, मास्तर. बत्तासा हाताखाली येईल तसा उचलायचा, खायचा, गिळायचा, मग पुढचा. नंबरानंच. मधलाच कुठला उचलायचा नाय.”

त्यांनी परात फिरवली. पहिला बत्तासा मी तोंडात टाकला. तो चावून गिळेपर्यंत दुसरा हाताखालून निघून गेला, पाठोपाठ तिसरा गेला, आणि मी मोकळा झालो तेव्हा समोर चौथा उभा. तो घ्यायला परवानगी नाही! दुसऱ्यासाठी परात अख्खी फिरून येईतो मी हात लोंबता ठेवून बसलो. दर बत्ताशाला हीच गत. आठ बत्ताशांना आठ फेऱ्या झाल्या. मग साडूंनी नवे आठ घेतले आणि मांडणी बदलली. पहिल्यानंतर दोन जागा सोडून दुसरा, आणखी दोन सोडून तिसरा, असं फिरत फिरत जाऊन मोकळ्या जागा भरल्या. आणि काय आश्चर्य, मी एक गिळावा आणि दुसरा बरोबर हाताखाली यावा! तीन फेऱ्यांत आठही फस्त. “बघितलंत?” साडूंचा आवाज कापत होता. “यंत्र तेच, तबकडी तीच, फिरायचा वेग तोच. नुसती मांडणी बदलली! शेजारची वस्तू शेजारी ठेवली म्हंजे लवकर सापडते, हा आपला भ्रम हाय, मास्तर. आपला हात मोकळा व्हायच्या टायमाला जी समोर येते, ती जवळची.” सोळा बत्तासे पोटात गेल्यामुळे काहीही पटवून घेण्याच्या स्थितीत मी होतोच. पण माझी बायको दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. ती म्हणाली, “भाऊजी, मी बत्तासा चावत नाही. जिभेवर ठेवते आणि विरघळू देते. मग?” साडू रिकामी परात पुन्हा एकदा बोटाने फिरवून गंभीरपणे म्हणाले, “मग तुझी परात येगळी मांडाया पायजे. खानाऱ्याचा वेग बघूनच मांडावं लागतं. तिथं चूक झाली तर फेऱ्याच फेऱ्या.”

हे त्यांनी कंपनीपुरतं ठेवलं असतं तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण दर सुट्टीत गावी पोचले रे पोचले की ते ताईंचं स्वयंपाकघर मांडायला घेत. ताई चहाची पूड टाकते आणि तो उकळेपर्यंत लाकडं आणायला मागील दारी जाते, असं त्यांनी पाहून ठेवलं होतं. मग गूळ चुलीपाशी कशाला हवा? गूळ लाकडांपाशी! लाकडं घेतली, गुळाचा खडा घेतला, परत येईतो चहाला उकळी. विचार म्हणून पाहिला तर यात खोट काढायला जागा नाही. पण हाच विचार मुंग्यांनीही केला असावा, कारण त्या ताईंच्या आधी पोचल्या. तिखट खिडकीत गेलं, हळद माजघरात, रवी म्हशींच्या गोठ्यात. सुट्टी संपून साडू मुंबईला परत गेले, की ताई एका सकाळीत सगळं पुन्हा होतं तिथे नेऊन ठेवी. मी एकदा तिला म्हटलं, “ताई, तुम्ही त्यांना सरळ सांगत का नाही?” ताई हसली. म्हणाली, “वर्सातनं चार दिस येतात, मास्तर. मांडू देत त्यांना काय मांडायचं ते. नायतर घरात त्यांनी हात तरी कशाला लावायचा?” हे उत्तर मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

महाडच्या बाजारात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे पायांचे तुकडे. सरळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. आधी पार टोकाच्या शिंप्याकडे जाऊन कापड टाकायचं, तिथून उलटं फिरून किराणावाल्याकडे यादी सांगायची, तो पुड्या बांधेपर्यंत न्हाव्याची खुर्ची रिकामी होईल म्हणून तिकडे धावायचं, आणि डोक्याचा अर्धा भाग झाला असताना शिंपी मोकळा झाला असेल असं वाटून चुळबुळ करायची. एकाच गल्लीतून आम्ही पिशव्या घेऊन तीनतीनदा जात असू. दुकानदार नमस्कार करून करून थकत. एकदा ही सगळी व्यवस्था अगदी मनासारखी जमली, कुठेही क्षणभर थांबावं लागलं नाही, आणि त्या आनंदात आम्ही स्टँडवर पोचलो तर पोलादपूरची गाडी नुकतीच गेलेली. धूळ अजून खाली बसायची होती. मी डोक्याला हात लावला. साडू म्हणाले, “मास्तर, आपलं सगळं बराबर होतं. गाडीनं येळ पाळली, तिथं घोटाळा झाला.”

पण या सगळ्यांवर कडी करणारी त्यांची सवय म्हणजे जेवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहणं. आपण जेवतो आहोत आणि समोरचा माणूस डोळे न मिटता आपल्या जबड्याकडे पाहतो आहे, मधूनच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो आहे, यासारखा दुसरा छळ नाही. मला दोनदा ठसका लागला. “वरणभाताला तुमी फार टाइम घेता,” ते म्हणत, “पोळीला मात्र चपळ हाय.” आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या वकिलांनी तर, हे गृहस्थ आहेत तोवर मी तुमच्याकडे जेवायला येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. पुढे ताईच्या लेकीचं, लीलाचं, लग्न ठरवायला आम्ही सगळे खाडीपट्ट्यात मुलाच्या घरी गेलो. मुलगा महाडच्या कचेरीत नोकरीला, घरी भातशेती, माणसं मोठ्या मनाची पण मानाची. पोहे आले. मी मुलाचं शिक्षण विचारतोय, ताईचा धाकटा दीर देण्याघेण्याचं बोलतोय, आणि साडू त्या घरातले थोरले चुलते पोहे कसे खाताहेत ते एकटक पाहताहेत! चुलते भारदस्त गृहस्थ. पागोटं, गलमिशा, बोलणं कमी. शेवटी त्यांनीच विचारलं, “पाव्हनं, माझ्या मिशीला काय लागलंय का?” परतीच्या वाटेवर ताईने विचारलं, “मुलगा कसा वाटला तुमाला?” साडू म्हणाले, “पोरगा झपाझप खातो. चुलते जड हायत. त्यांच्यासाठी अंतर वाढवाया लागंल.” ताईने रस्त्यातच कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हा कुठे आम्हाला कळलं, की या माणसाच्या मनात पंगत आहे. आणि ती नुसती पंगतही नव्हती. एका दुपारी आमच्या ओटीवर त्यांनी मला जे सांगितलं, ते सांगताना त्यांच्या आवाजात नेहमीची ऐट नव्हती. त्या घरातलं एकही कार्य साडूंच्या हातून झालेलं नव्हतं. लीलाच्या बारशाला त्यांना रजा मिळाली नाही. वडील गेले तेव्हा ते पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घर शाकारलं ताईने, म्हैस घेतली ताईने, पोरीला शाळेत घातली ती धाकट्या दिराने. गावात त्या घराला लोक लीलाच्या आईचं घर म्हणत. “मी पैसं पाठवनारा मानूस,” साडू म्हणाले. “पोस्टमन घरात जेवढा होता, तेवढाच मी. एवढं एक कार्य माझ्या हातानं होऊ द्या, मास्तर. तिच्या सासरची मानसं म्हनली पायजेत, पोरीच्या बापानं केलं. तिथं तिला मान ऱ्हाईल.” एवढं ऐकल्यावर त्यांची थट्टा करण्याची माझी हिंमत झाली नाही. आणि सासरचं घर मानाचं होतं हे तर आम्ही पाहिलेलंच होतं. पंगतीत काही कमीजास्त झालं तर नव्या नवरीला त्यावरून महिनोन्‌महिने ऐकावं लागतं, हे मी काय सांगायला हवं?

त्यांची कल्पना अशी. लग्नाच्या पंगतीत भातवाला पुढे, त्याच्यामागे लगेच वरण, त्यामागे बिरडं, भाजी, जिलबी, असा सगळा मोर्चा ओळीने तुमच्या समोरून धाडधाड निघून जातो. तुम्ही वरणभात कालवून दोन घास खाता आणि आणखी वरण हवं म्हणून मान वर करता, तर वरणवाला पार दुसऱ्या टोकाला! तो अख्खी फेरी मारून येईतो कोरडा भात चिवडत बसायचं. हेच साडूंना मोडायचं होतं. मागच्या खळ्यात मांडव घातला होता. खळं गोल, म्हणून पंगतही त्यांनी काठाकाठाने गोल बसवली. वाढपी एकामागोमाग न जाता अंतराअंतराने, अखंड फिरत राहायचे. दोघांमधलं अंतर असं, की पानातलं संपावं आणि पुढचं समोर यावं. मात्र एक अट होती. कुणीही कुणापुढेही थांबायचं नाही. एक थांबला की त्याच्यामागचा अडला, आणि सगळी मांडणी कोसळली. गावातल्या तरण्या पोरांना त्यांनी दोन दिवस रिकाम्या बादल्या घेऊन खळ्यात फिरवलं. स्वतः मधोमध शिटी घेऊन उभे. “थांबायचं नाय! इचारायचं नाय! तोंडाकडं बघायचं नाय! तबकडी कधी बोलते का?” पोरं हसून हसून बेजार. शेजारणी कुंपणावरून पाहायला जमत. ताई मात्र एकदाच बाहेर आली, पाहिलं, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मास्तर, हे काय खरं नाय बगा.” मी म्हटलं, “जाऊ द्या ताई, हौस आहे.” ती आत निघून गेली.

लग्न लागलं. ऊन चढलं होतं. वऱ्हाड खळ्यात गोलाकार बसलं, हिरव्या पत्रावळी मांडल्या, ‘हर हर महादेव’ झालं आणि साडूंनी शिटी वाजवली. आणि खरं सांगतो, पहिला काही वेळ मी तोंडात बोट घालून पाहत राहिलो. कुठे आरडाओरडा नाही, ‘अरे वरण’, ‘अरे मीठ’ नाही. भात संपावा आणि भाताची बादली समोर यावी, बिरडं संपावं आणि बिरडं यावं. पोरं खाली मान घालून गरगर फिरताहेत, पळी बुडते, पानात पडते, पुढे जाते. साडू मधल्या खांबाला टेकून उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर असं काही समाधान होतं की मला भरून आलं. म्हटलं, जिंकला गडी!

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की पंगत फारच शांत आहे. कुणी हसत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. लग्नाच्या जेवणात इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. आमच्या शाळेत साहेब तपासणीला येतो तेव्हा असते तशी ती होती. मुलाकडची माणसं एकमेकांकडे चोरून पाहत होती. मग जिलबी घेऊन जाणारा पोरगा थोरल्या चुलत्यांसमोरून गेला. पानात जिलबी पडली, पोरगा पुढे गेला. चुलत्यांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि सावकाश आपला हात पानावर आडवा धरला. पुढचा वाढपी आला, हात तसाच होता. तो बिचारा थांबायचं नाही म्हणून पुढे निघून गेला! झालं. चुलत्यांनी हात आखडलेला पाहून त्यांच्या शेजारच्याने आखडला, त्याच्या शेजारच्याने आखडला, आणि बघता बघता अर्धं खळं पानावर आडवे हात ठेवून बसलं.

“पोट भरलं का, पाव्हनं?” ताईच्या दिराने धावत येऊन विचारलं.

“भरलं,” चुलते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “खायाला कमी नाय तुमच्याकडं. पर आमी काय उपाशी म्हनून आलो होतो का इथं? गुरांच्या दावनीत वैरन टाकतात तसं टाकून चाललीत पोरं. घ्या म्हनाया कुनाला तोंड नाय?”

अहो, तोंड कसं असणार? तोंडं साडूंनीच बंद केली होती. फिरण्याचा वेग, खाण्याचा वेग, सगळं त्यांनी धरलं होतं. फक्त आग्रह धरला नव्हता. ‘घ्या हो’, ‘अजून एक’, ‘आमच्या गळ्याची शप्पथ’, हे म्हणायला वाढप्याला थांबावं लागतं, आणि जेवणाराला ‘नको नको’ म्हणत पान झाकावं लागतं, आणि त्या ओढाताणीत वेळ जातो. साडूंना वाटलं होतं, हा फुकट गेलेला वेळ. आमच्याकडे लग्नाला माणसं त्यासाठीच येतात.

साडू खांबापाशी तसेच उभे होते. शिटी हातात, तोंड पांढरंफटक. पोरंही जागच्या जागी थिजली. माजघराच्या खिडकीतून मुंडावळ्या बांधलेली लीला पाहत होती, ते मला दिसलं. हे वऱ्हाड असंच उठलं तर त्या पोरीने त्या घरात पाऊल कसं टाकायचं? तेवढ्यात ताई स्वयंपाकघराच्या दारात आली. “अहो, असं काय उभं ऱ्हायलाव? वाढा की! तुमच्या हातानं वाढा!”

साडूंनी एका पोराच्या हातून जिलबीचं ताट घेतलं आणि ते चुलत्यांच्या पुढ्यात उकिडवे बसले. “घ्या,” ते म्हणाले. चुलत्यांचा हात पानावरच. “एक घ्या.” हात तसाच. आमच्या शाळेतली पोरं पाठ नसलेली कविता म्हणतात ना, तसं ते ‘घ्या’ म्हणत होते. आग्रह करायला अंगात असावं लागतं, ते त्यांच्यात कुठून असणार? शेवटी त्यांनी ताट खाली ठेवलं. “पाव्हनं, मला येत नाय हे,” ते म्हणाले. “अर्धं आयुष्य खानावळीत जेवलो. तिथं कुनी कुनाला घ्या म्हनत नाय. या पोरांची चूक नाय, मीच त्यांना बोलू नका म्हनून सांगितलं. मला वाटलं, तुमाला कशाची वाट बघाया लागू नये. माझ्यावर रागवा. पोरीवर राग धरू नका.”

चुलते त्यांच्याकडे पाहत राहिले. मिशी थोडी हलली. मग त्यांनी पानावरचा हात उचलला आणि म्हणाले, “वाढा. आन् आता मोजू नका.”

बस्स, बांध फुटला. पोरांची तोंडं एकदम सुटली. जो तो थांबून थांबून वाढू लागला, वरणवाला भाजीवाल्यावर आदळला, जिलबी वाटून संपली आणि पुन्हा तळायला बसावं लागलं, मठ्ठ्याची एक बादली लवंडली. चुलत्यांनी आमच्या वकिलांनाच आग्रह करकरून दहा जिलब्या चारल्या. साडूंच्या गोल पंगतीची पार खिचडी झाली, आणि गावातली माणसं पुढे कित्येक वर्षं त्या जेवणाचं नाव काढत होती.

उन्हं कलली. वऱ्हाडाची गाडी रस्त्यावर उभी राहिली. ड्रायव्हरने भोंगा वाजवायला सुरुवात केली, कारण उजेडात पोचायचं होतं. पाहुण्यांच्या गडबडीत नवरीने सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता, हे ताईच्या लक्षात आलं, तेव्हा तिने माजघरात लीलाला पान वाढून दिलं. मी साडूंना शोधत आत आलो तर ते माजघराच्या उंबऱ्यावर बसले होते आणि समोर लीला जेवत होती. ती आधी पानातल्या बिरड्यातले वाल एकेक करून वेचत होती. एक उचलायची, निरखायची, खायची, मग दुसरा. भात तसाच बाजूला.

“ही अशीच खाते?” साडूंनी विचारलं.

“अशीच,” ताई म्हणाली. “लहानपनापासनं. पयलं वाल, मग भात. तासभर लागतो.”

“हो?” साडू म्हणाले. मग माझ्याकडे वळून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “मास्तर, एकेकाचं खानं बघून ठेवलं मी. तुमचं, वकिलांचं, व्याह्यांचं. हिचं कवा बघितलंच नाय.” मी त्यांच्या शेजारी खाली बसलो, एवढंच.

बाहेर भोंगा पुन्हा वाजला. चुलते बोलवायला म्हणून दारापर्यंत आले. त्यांनी आत पाहिलं, उंबऱ्यावरच्या साडूंकडे पाहिलं, आणि तसेच मागे फिरले. अंगणातून त्यांचा आवाज आला, “बंद कर रे तो भोंगा. पोरगी जेवतेय.”

लीलाने मान वर केली. “बाबा, तुमी जेवलाव का?”

“हा, मगाशीच,” साडू म्हणाले. साफ खोटं होतं ते. पहाटेपासून त्यांच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि ताईलाही. लीलाने पुन्हा खाली मान घातली आणि पुढचा वाल उचलला. साडू तिच्याकडे पाहत बसून राहिले, आणि तिचं जेवण होईपर्यंत त्या घरात कुणीच घाई केली नाही.